तारेच्या कडेनं

कुंडलिक तसा वाईट माणूस नव्हता हो. पण एकदा का त्याच्या डोक्यात किडा शिरला, की तो बाहेर निघेपर्यंत घरातल्या कुणाला घास गोड लागायचा नाही. त्या साली हिवतापानं त्याला दिवाळीपासून असा काही धरला, की संक्रांत तोंडावर आली तरी चालताना गुडघे लटपटत होते. आणि आजारी, रिकाम्या माणसाच्या डोक्याइतकी किड्याला सोयीची जागा दुसरी कुठली?

ताप निघाल्यावर पहिल्यांदा तो रानात गेला तेव्हा शाळू पुरुषभर उंच झाला होता, कणसं हुरड्यात आली होती. बघून जिवाला बरं वाटलं. मग तो रानाच्या वरच्या अंगाला गेला आणि मटकन खालीच बसला. पावसाळ्यात जिथं बांध फुटला होता, तिथून पार पलीकडच्या ओघळीपर्यंत पिकातून एक वाट पडली होती, गाडी जावी एवढी रुंद. ताटं मोडून मातीत गेलेली, कणसं खुडलेली, आणि जमिनीवर नुसती टोकदार खुरं.

"हरणं," मागून त्याची बायको दगडाबाई म्हणाली. "दिस बुडताना येत्यात. तुमाला तापात कशाला सांगायचं म्हणून गप बसले."

"आपल्या रानात हरणं? आजवर कदी आली व्हती?"

"न्हाय की. म्हणून तर म्हणते."

कुंडलिकाचं म्हणणं खोटं नव्हतं. पाथरवाडीची हरणं साऱ्या गावाच्या ओळखीची. काळ्या पाठीचा एक थोरला नर आणि त्याच्यामागं माद्यांचा कळप. दिवसभर वरच्या माळावर चरायची, ऊन कललं की ओढ्याला पाण्यावर उतरायची, आणि दिवेलागणीला माळावर परत. त्यांची वाट ठरलेली, कुंडलिकाच्या शेजारच्या रानातून, म्हणजे संगप्पाच्या बांधावरून. जाता जाता ती संगप्पाचा शाळू चाखायची, संगप्पा घोंगडं फडकवून 'हाऽऽर्र' करायचा, की ती उड्या मारत माळाला लागायची. त्याच्या बापानंही तसंच हाकललं होतं, आजानंही. कुंडलिकाचं रान टेकाडाच्या ह्या अंगाला. हरणांचं तिकडं कामच पडत नव्हतं.

मग ह्याच साली त्यांना रस्ता कुणी दाखवला?

तो बांधावरून ठसे बघत चालला. खुरं येत होती टेकाडापलीकडून, सरळ संगप्पाच्या रानाच्या अंगानं. टेकाडावर चढून त्यानं पलीकडं बघितलं. संगप्पाचा शाळू कसा उभा होता! एक ताट वाकडं नाही, एक कणीस खुडलेलं नाही. आणि पलीकडच्या उतरणीवरच्या बोरीला घोंगड्याचे काळे केस अडकलेले. कुंडलिकानं ते बोटांनी काढले, चोळले. घोंगडं संगप्पाचंच. तशी काळी लोकर गावात दुसऱ्या कुणाकडं नव्हती.

त्याच्या मनात पाल चुकचुकली.

आता हा संगप्पा कोण, ते सांगायला हवं, नाहीतर ह्या चुकचुकण्याचं वजन कळायचं नाही. कुंडलिकाकडं बैल एक, पाखऱ्या. संगप्पाकडंही एक, बसव्या. एका बैलानं का कुठं शेती होते? म्हणून दोघांनी वारंगुळा केलेला. माझा बैल, तुझा बैल, मिळून एक जोडी. आज तुझं रान, उद्या माझं. कुठं कागद नाही, पत्र नाही. तोंडचा शब्द आणि एक जू. पाखऱ्या उजवा, बसव्या डावा. सकाळी दावं सोडलं की पाखऱ्या कुणी न हाकता गल्ली ओलांडून संगप्पाच्या दारात जाऊन बसव्याच्या उजव्या अंगाला उभा राहायचा. आणि वारंगुळा म्हणजे काही नुसत्या बैलांचा नव्हे. एक आजारी पडला तर दुसऱ्यानं त्याचं रानही आपलंच धरायचं, आणि त्याबद्दल बोलूनही दाखवायचं नाही, ही रीत. हा वारंगुळा मोडला तर दोघांच्याही दारात एकेक बैल नुसता रवंथ करत बसणार. कुंडलिकाला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर घोंगड्याचे ते केस त्याच्या मुठीत इतके टोचले.

"तार घातलीया न्हवं वर," रात्री दगडाबाई भाकरी वाढताना म्हणाली. "त्यामुळं वाट चुकली आसतील बापडी."

तार खरोखरच आली होती. कुंडलिक तापात कण्हत होता तेव्हा सोलापुरातल्या कुणा पेढीवाल्यानं वरचा माळ गवतासाठी घेतला. टांग्याच्या घोड्यांना गवत लागतं, ते कापून शहरात न्यायचं. म्हणून त्यानं माळाला काटेरी तार मारली. संगप्पाच्या रानाच्या डोक्यावरून, टेकाडाच्या पाठीमागून, तार थेट कुंडलिकाच्या फुटक्या बांधापर्यंत आली होती आणि तिथून काटकोनात माळाकडं वळली होती.

"तार?" कुंडलिक खेकसला. "आगं, हरीण हाय ते, म्हस न्हवं! मोहोळच्या वाटंला उभ्या गाडीवरनं उडी मारून गेलेला काळवीट ह्या डोळ्यांनी बगितलाय मी. त्याला छातीएवडी तार अडवती व्हय?"

तो काळवीट दगडाबाईनंही बघितला होता. साऱ्या गावानं बघितला होता. हरीण उडी मारतं, ह्यात कुणाला शंका असायचं कारणच नव्हतं. मग ते उडी न मारता कुंडलिकाच्या रानात येतं, म्हणजे कुणीतरी आणतंय. हिशेब सरळ होता.

दुसऱ्या दिवशी पेढीवाल्याचा मुकादम सोमलिंग पारावर भेटला. तोंडात तंबाखू, डोक्याला झुलता पटका, आणि सगळ्यांच्या भानगडी ह्याच्या खिशात.

"लई नासाडी झाली म्हणं तुझी," मुकादम म्हणाला.

"झाली खरी."

"जोडीदाराला ईचार की तुज्या. रोज सांजंला घोंगडं घिऊन बांधावर नाचत आसतुय. मी आपला तारंकडनं बगतो. हरणं हाकलतुय म्हणतो. आता कुणीकडं हाकलतुय, त्ये आपण कशाला बोला बाबा!" आणि पिचकारी टाकून तो हसला.

झालं! किड्याला पंख फुटले.

कुंडलिक तडक संगप्पाकडं गेला. संगप्पा अंगणात बसव्याच्या गळ्यातला कंडा विणत बसला होता. हाडापेरानं मोठा, गळ्यात लिंग, बोलणं मोजकं. त्याची बायको काशम्मा दारात ज्वारी पाखडत होती.

"बरं वाटतंय का रं?" संगप्पानं विचारलं.

"वाटतंय. माज्या रानात हरणं येत्यात."

संगप्पाचे हात थांबले. "तुज्या रानात? कशी येतील? मी हाकलतो की माळाकडं. रोज हाकलतो. तू पडून ऱ्हा, मी हाय न्हवं?"

"माळाकडं हाकलतुयस?"

"मग कुणीकडं?"

त्याच्या तोंडाकडं कुंडलिक टक लावून बघत राहिला. खोटं बोलणाऱ्याचं तोंड कसं असतं, हे आठवायचा प्रयत्न केला. पण ज्याच्यावर कधी संशयच घेतला नाही, त्याच्या तोंडावरचा खोटेपणा ओळखायचा कसा? त्याला नुसतं एवढंच दिसलं, की संगप्पानं मान खाली घातली आणि पुन्हा कंडा विणायला घेतला. पाणी मुरतंय, कुंडलिकानं मनात म्हटलं. मुरतंयच.

"ह्या गड्ड्याला पाखऱ्या इकणार हाय मी," तो एकदम म्हणाला. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते, तिथं जनावरांचा मोठा बाजार असतो.

काशम्माचं सूप थांबलं. संगप्पानं वर बघितलंच नाही. कंड्याचा पुढचा पेड घालत म्हणाला, "तुजा बैल हाय."

बस्स, एवढंच. का विकतोस, नको विकू, आपलं काय चुकलं, काही नाही. घरी येताना कुंडलिकाला आपल्याच बोलण्याचा पस्तावा होत होता, आणि त्याचाही राग त्यानं संगप्पावरच काढला. निर्दोष माणूस असा गप बसतो होय? निदान भांडला तरी असता!

गड्ड्याला निघायच्या आदल्या दिवशी त्यानं ठरवलं, की आज चोराला मुद्देमालासकट धरायचा. दुपारी त्यानं बाभळीच्या काटेरी फांद्या तोडून ओढत आणल्या आणि फुटका बांध असा गच्च बुजवला, की मांजरसुद्धा आत जाऊ नये. आता येऊ दे हाकलत. हरणं काट्याला अडतील, त्यांच्यामागून घोंगडं घेतलेला येईल, आणि ह्या कुंडलिकासमोर उभा राहील. मग बघू त्याचं तोंड. दगडाबाईनं विचारलं, "काय करताय हो एवढं?" तर म्हणाला, "तुला काय करायचंय?" आणि ऊन कलल्यावर बांधाच्या आडोशाला दगडांत जाऊन बसला.

दूर गिरणीचा भोंगा झाला. वारा दक्षिणेचा असला की सोलापूरचा भोंगा इथवर यायचा. उजेड पिवळा पडला. आणि टेकाडापलीकडून ओरडणं ऐकू आलं, "हाऽऽर्र! हाऽऽर्र!"

संगप्पाचाच आवाज. कुंडलिकाच्या अंगाला कापरं भरलं. तापाचं नव्हे. गेली कित्येक वर्षं एका जुवाला बांधलेला माणूस चोर निघाला, ह्याचं.

तो चार पावलं टेकाडावर सरपटत गेला आणि डोकं वर काढून बघू लागला. खाली संगप्पा आपल्या रानाच्या कडेला उभा होता. दोन्ही हातांनी घोंगडं फडकवत होता, आणि फडकवत होता ते अगदी बापजाद्यांच्या रीतीनं, माळाकडं. कुंडलिकाच्या रानाकडं नव्हे. हरणंही सरळ माळाकडंच सुटली. थोरला नर पुढं, माद्या मागं, मान वर, पाय जमिनीला लागतायत की नाही असा वेग. आता उडी मारणार, कुंडलिकाला वाटलं. आता तारेवरून जाणार.

नर तारेपाशी येऊन थबकला. मान खाली घातली. खालच्या तारेला नाक लावलं आणि मागं सरला. मग पुन्हा पुढं आला, पुन्हा मागं. गाडीवरून उडी मारणारं ते जनावर बंद दारापुढच्या म्हशीसारखं तारेपुढं घोटाळत राहिलं. तिच्यावरून जायचं असतं, हे त्याच्या ध्यानातच येत नव्हतं. खालून वाट मिळते का, तेवढंच ते शोधत होतं. पाठीमागून 'हाऽऽर्र' चालूच. तसा नर वळला आणि तारेच्या कडेकडेनं धावत सुटला. सगळा कळप त्याच्या मागं. टेकाडाच्या पाठीमागून, संगप्पाच्या नजरेआड, सरळ फुटक्या बांधाकडं.

आणि संगप्पानं, हरणं टेकाडाआड गेलेली बघून, घोंगडं खांद्यावर टाकलं. कपाळाचा घाम पुसला. आपल्या आजारी जोडीदाराचं रान आजही राखलं, अशा समाधानानं तो माणूस तंबाखूची पिशवी काढत होता.

कुंडलिकाला वाटलं, ही टेकडी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावी. त्याच्या रानात हरणं घालत होता तो संगप्पाच. त्यात काही खोटं नव्हतं. फक्त ते त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं, इतकंच.

खाली काट्यांपाशी गोंधळ उडाला होता. एका बाजूला तार, समोर बाभळीचा बुरूज, मागं हाकलणाऱ्या माणसाची धास्ती. कळप कोपऱ्यात कोंडला. माद्या एकमेकींवर चढत होत्या. एक कोवळी मादी तारेखाली घुसायला गेली आणि पाठीला तार रुतून अडकली, आणि ओरडली. हरीण असं ओरडतं हे कुंडलिकानं जन्मात पहिल्यांदा ऐकलं. कळप आता उलटा फिरणार होता, थेट संगप्पाच्या उभ्या शाळवात. आणि वरून संगप्पा बघणार काय? बुजवलेला बांध आणि दगडाआड लपलेला कुंडलिक! मग कुणाच्या बापाला पटवून सांगता आलं असतं?

तो धावत खाली आला आणि हातांनीच काटे उपसू लागला. एक फांदी, दुसरी, तिसरी. तळहातात काटे मोडत होते. "जा! जावा माज्या रानातनं! जावा की!" तो ओरडत होता. अर्धा बांध मोकळा झाला तसा थोरला नर त्याच्या अंगावरूनच गेल्यासारखा आत घुसला, आणि मागून सारा कळप हुरड्यातला शाळू कडाकड मोडत पलीकडं गेला.

आवाज ऐकून संगप्पा टेकाडावर आला. त्यानं मोडलेलं पीक बघितलं, उपसलेले काटे बघितले, कुंडलिकाचे रक्ताळलेले हात बघितले. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"अरं... हितनं जात्यात व्हय ती? मी रोज... यप्पा! मीच घालत व्हतो तुज्या रानात?"

"व्हय."

"आन् काटं कुणी लावलं?"

"मी."

"हरणांसाठी?"

हो म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. कुंडलिकाच्या ओठांवर ते आलंही होतं. पण खरं काय ते त्याला गिळता येईना, सांगता येईना, आणि शेवटी सांगूनच टाकलं.

"न्हाय. तुज्यासाठी. तू हाकलत आणतुयस आसं वाटलं. तुला धरायचा व्हता."

संगप्पानं घोंगडं खांद्यावरून काढून हातात घेतलं. मग तो म्हणाला, "मला वाटलं, तुला दुसरा कुणी जोडीदार भेटला. वारंगुळा मोडायला निमित्त बगतुयस. म्हणून ईचारलं न्हाय. ईचारलं आन् व्हय म्हणालास तर?"

म्हणजे हाही! कुंडलिकाला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं.

तारेत ती मादी अजून तडफडत होती. दोघं तिकडं धावले. संगप्पानं तिच्या डोळ्यांवर घोंगडं टाकलं आणि "सुम्नीर, सुम्नीर," म्हणत कानडीतून तिला गप करू लागला. कुंडलिकानं त्याच सोललेल्या हातांनी खालची तार वर उचलून धरली. संगप्पानं मागून हलकेच लोटलं. मादी सुटली, उठली, घोंगडं झाडून टाकलं आणि पळाली. दोघांनी सुस्कारा सोडला.

मग संगप्पा हळूच म्हणाला, "कुंडलिका, आपण तिला कुटल्या अंगाला सोडली रं?"

ती तारेच्या आत होती. कळप बाहेर, पलीकडच्या ओघळीत उभा राहून मागं बघत होता. ती आतून तारेच्या कडेनं धावत कोपऱ्यापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. दोघं बघत उभे राहिले.

कुंडलिक गड्ड्याला गेला नाही. काशम्मानं सुईनं त्याच्या हातातले काटे काढले, आणि प्रत्येक काट्याबरोबर त्याची यथेच्छ पूजा बांधली. दगडाबाईनं तिला साथ दिली. दुसऱ्या दिवशीही मादी तारेच्या कडेनं धावतच होती. पाठीवरचं रक्त वाळून काळं पडलेलं, चरायचं नाव नाही. पुढं काय झालं ते कुणी बघितलं नाही म्हणतात. एवढं खरं, की एका सकाळी तारेचे दोन खांब आडवे पडलेले सापडले, ओढ्याच्या जुन्या वाटेवर. आणि त्या पडलेल्या तारेवरून एकाच हरणाची खुरं बाहेर गेली होती.

त्याच दिवशी मुकादम सोमलिंग तणतणत संगप्पाच्या अंगणात आला. कुंडलिक तिथंच जू बांधत होता. मुकादमानं त्याला बाजूला घेतलं, खांद्यावर हात टाकला.

"हे बग, आपण जुने वळखीचे. संगप्पा म्हणतुय, खांब तूच पाडलेस."

खोटं कशाला बोला, एक क्षण तो जुना किडा वळवळलाच. कुंडलिकानं मान वळवून बघितलं. संगप्पा ओसरीवर गप बसला होता, नेहमीसारखा. अंगणात पाखऱ्या आपल्या पायांनी येऊन बसव्याच्या उजव्या अंगाला उभा होता.

"कसं सांगंल संगप्पा तसं?" कुंडलिक म्हणाला. "त्यो तर सांजंपासनं माज्यासंगं व्हता."

"आन् तू रं? तू कुटं व्हतास?"

"मी?" कुंडलिकानं जुवाची गाठ आवळली. "मी संगप्पासंगं व्हतो की."